टाकीवर कोण चढलं?

"‘आपण’ नाही शांभवी, ‘आम्ही’! आम्ही टाकीवर चढलो, आम्ही अँटेना फिरवला. किती वेळा सांगू?" पटवारी मॅडम ओरडल्या.

"पण मॅडम, टाकीवर दादा चढलेला. आम्ही तर खाली होतो."

"ते माहितीये गं मला. पण तिथं सांगायचं नाही."

"मग खोटं बोलू?"

"खोटं कुठं? टीमचं काम म्हणजे सगळ्यांचं काम."

"मग ‘आपण’च म्हणते की. आपण म्हटलं की दादा त्यात येतो. आम्ही म्हटलं की येत नाही."

इथं माझं डोकं फिरलं. "ए, मला कशात घ्यायची गरज नाही तुला," मी म्हणलो. "गप आम्ही म्हण आणि मोकळी हो. मी सामान उचलायला आलोय."

"मग उचल ना सामान! मध्ये कामून बोलायलास?"

हे भांडण हैदराबादला, सभागृहाच्या मागच्या बोळकांडीत चाललेलं. राष्ट्रीय बाल अवकाश परिषद होती. देशभरातून सहावी ते आठवीची पोरं आपापलं संशोधन घेऊन आलेली. आमच्या उदगीरची टीम म्हणजे दोघीच. माझी बहीण शांभवी, सातवीत, आणि तिची मैत्रीण इक्रा. पटवारी मॅडम त्यांच्या विज्ञानाच्या. मी चन्नवीर, सगळे चन्या म्हणतात. मी शाळेत नाही. नववी अर्धी करून सोडली. का सोडली ते इथं नको, अजून एक भांडण होईल.

मॅडमचं काही चुकत नव्हतं. परिषदेचा नियम होता, सहभागी विद्यार्थी सहावी ते आठवीचेच पाहिजेत. बाहेरच्यानं काम केलं असं निघालं की पोरांच्या शाळेच्या नंबरावर ‘परकं काम’ असा शिक्का बसतो. तो दहावी होईपर्यंत पुसत नाही. त्यानंतर कुठंही प्रकल्प घेऊन गेलं की आधी तो शिक्काच दिसतो. मॅडमना हा नियम नीट कळला तो गाडीत बसल्यावर. तेव्हापासून त्या पाणीच प्यायल्या होत्या नुसत्या.

आणि साधं लपवून चालणार नव्हतं, कारण साक्षी.

साक्षी म्हणजे कपाळाला बांधायची पट्टी. मोबाईल सगळे निबंध, सगळे प्रकल्प लिहून द्यायला लागला, तेव्हा असल्या परिषदांना काही अर्थच उरला नव्हता म्हणे. आसामपासून केरळपर्यंत सगळी पोरं एकसारखीच गुळगुळीत भाषणं करायची. मग ही पट्टी आली. तिचं विज्ञान अवघड नाही. आपल्यावर गुजरलेली गोष्ट सांगताना मेंदू ती जागा पुन्हा उभी करतो. उजेड कुठून येत होता, पाय कशावर होते, वास कसला होता, सगळं. पाठ केलेलं बोलताना असलं काही होत नाही, शब्दामागं नुसता शब्द येतो. दोन्ही वेळा मेंदूत विजेच्या ज्या बारीक लाटा उठतात त्या वेगळ्या असतात. पट्टी तेवढा फरक ओळखते. गुजरलेलं असलं की हिरवा दिवा, घोकलेलं असलं की पिवळा.

एक गोष्ट लोक विसरतात. पट्टीला खरं-खोटं कळत नाही. बोलणारा तिथं होता का नव्हता, एवढंच कळतं.

पण तेवढ्यानंही लै काय काय झालं. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी काकांसाठी पट्टी मागवली, तर काका पट्टी यायच्या आधीच आठवडाभर भावाकडं राहायला गेले. लातूरच्या क्लासवाल्यांनी तर दुकानच मांडलं. पोरांना गाडीत घालून शेतात न्यायचं, एकेकाला मातीत हात घालायला लावायचा आणि परत आणायचं. नंतर पोरगं ‘आम्ही मातीची तपासणी केली’ म्हणलं की दिवा हिरवा. तपासणी कुणी केली ते क्लासवाल्याला माहीत.

आमच्या दोघींचं तसं नव्हतं. त्यांनी खरंच केलं होतं. फक्त टाकी सोडून.

त्यांचं संशोधन काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. लांबच्या गावचं एफएम स्टेशन आपल्याला लागत नाही, कारण त्याच्या लहरी सरळ जातात आणि जमीन गोल आहे. त्या आपल्या डोक्यावरून निघून जातात. पण तेवढ्यात वर, लै वर, एखादी उल्का जळाली तर तिच्यामागं तापलेल्या हवेचा एक पट्टा राहतो. त्याच्यावर आपटून लहर खाली येते. पट्टा टिकतो डोळा मिटेपर्यंत. तेवढ्यात रेडिओत लांबचं स्टेशन लागतं आणि जातं. कुठलंच स्टेशन नसलेल्या रिकाम्या जागी रेडिओचा काटा लावून बसलं की नुसती खरखर येते, आणि मध्येच "...ता". किंवा ढोलकीची एक थाप. ती उल्का. दिवसासुद्धा ऐकू येते.

हे जुनं आहे, जगात पुष्कळ लोक करतात. दोघींचं नवं काय, तर आता वर सॅटेलाईटांची गर्दी झालीये. जुने झाले की ते रोज खाली पडून जळतात. सॅटेलाईट उल्केपेक्षा सावकाश येतो, तिरका येतो, तुकडे होत होत येतो. त्याचा पट्टा जास्त टिकतो. म्हणून उल्का पडली तर अक्षर येतं, सॅटेलाईट पडला तर वाक्य येतं. हे इक्राच्या लक्षात आलं. ती म्हणली, "उल्का घाईत असते, सॅटेलाईट गप्पा मारत येतो." मग दोघींनी उन्हाळाभर ऐकून ऐकून वेगळं काढलं की आपल्या डोक्यावर आकाशातलं किती पडायलंय आणि माणसाचं किती. माणसाचं लै पडायलंय. त्याचं धातूचं पीठ वरच्या हवेत साठत चाललंय, आणि कुठं किती ते कुणाला नीट माहीत नाही. स्वस्तातल्या रेडिओवर ते मोजता येतं, हा त्यांचा मुद्दा होता.

मी काय केलं? मी डिश बसवायला जातो एका दुकानातर्फे. अँटेना माझा, पाण्याच्या टाकीवर तो बांधला मी, आणि दोघी खालून सांगतील तसा फिरवला मी. पोरींना टाकीवर चढू देणार नव्हतंच कुणी. संपलं माझं काम. ऐकलं त्यांनी, मोजलं त्यांनी, डोकं त्यांचं.

पण अँटेना कसा कसा फिरवला हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगताच येत नव्हतं. म्हणून मॅडमनी ते वाक्य लिहून दिलं होतं. आम्ही टाकीवर चढलो.

"शिक्का बसला तर?" मी शांभवीला हळूच म्हणलो. "इक्राला पण बसेल. तुझ्या हट्टापायी."

इक्राचं नाव काढल्यावर तिनं इक्राकडं बघितलं. पट्टी बांधून घेतली. मला वाटलं, मिटलं. मी सामान घेऊन सभागृहात मागच्या दाराजवळ जाऊन उभा राहिलो.

आधी इक्रा बोलली. तिची पट्टी हिरवीगार. ती बोलताना हात एवढे हलवत होती की माईक दोनदा पडता पडता राहिला. मराठीत बोललेलं मागं मोठ्या पडद्यावर हिंदीत उमटत होतं. मशीनच भाषांतर करत होतं. मग शांभवी उभी राहिली. उल्का म्हणजे काय, सॅटेलाईट म्हणजे काय, पहिला आवाज आला तेव्हा त्या चिंचेखाली बसल्या होत्या, सगळं हिरवं. लोक ऐकत होते. मला छातीत बरं वाटायला लागलं.

"मग आम्ही टाकीवर चढलो आणि अँटेना पूर्वेकडं फिरवला."

पिवळा.

समोर तीन परीक्षक बसलेले. त्यातल्या मिशीवाल्या साहेबांनी हात वर केला. "रुको बेटा. यह फिर से बोलो."

"आम्ही टाकीवर चढलो..."

पुन्हा पिवळा. सभागृहात कुजबुज सुरू झाली. बाजूला उभ्या असलेल्या मॅडमनी डोळे मिटून घेतले. शांभवी मला शोधत होती. मी लांबूनच मान हलवली, बोलू नको म्हणून. ती माझं कधी ऐकते?

ती माईकमध्ये म्हणली, "आम्ही नाही. आपण चढलो होतो."

आणि पट्टी हिरवी झाली. ती खाली उभी राहून मला चढताना बघत होती, अर्धा जीव तिचा तिथंच अडकला होता, मग हिरवी होणारच. पण मशीनला आमचं ‘आपण’ काय कळणार? त्याला वाटलं ही साहेबांना मानानं बोलायली. पडद्यावर उमटलं, "हम नहीं। आप चढ़े थे।"

मिशीवाल्या साहेबांनी पडदा वाचला. पट्टीकडं बघितलं. पुन्हा पडदा वाचला. "मैं?" ते म्हणले. "मैं किस टंकी पर चढ़ा?"

सगळं सभागृह फुटलं. पोरं बाकं बडवायला लागली. शांभवीला कळेना काय झालं, तिनं अजून मोठ्यानं सांगितलं, "हो, आपणच!" पडदा म्हणला, "हाँ, आप ही!" दिवा हिरवाच. साहेबांच्या शेजारचे परीक्षक त्यांच्याकडं सरकून बघायला लागले, खरंच चढला होतात का म्हणून.

हसू मलाही आलं असतं. पण मिशीवाले साहेब आता हसत नव्हते. त्यांनी यादीवरचं शांभवीचं नाव बोटानं धरलं आणि दुसऱ्या हातानं पेन शोधायला लागले.

तेव्हा तिसऱ्या परीक्षक बोलल्या. डॉ. अन्नपूर्णा वेमुरी. पांढरे केस, सुती साडी, पायात बूट. त्या पुढं वाकून शांभवीला तेलुगूत म्हणल्या, "मनमा, मेमा?"

पडद्यावर आलं, "हम या हम?"

पुन्हा हसायचा गलका. बाईंनी पडद्याकडं वळून बघितलं आणि हातानं झटकलं, जसं काही डासच आहे. पण इक्रा एकदम उड्या मारायला लागली. तिचं आजोळ निजामाबादचं. तिनं शांभवीचा दंड धरला. "अगं, त्यांच्यात पण दोन आहेत! मेमु म्हणजे आम्ही. मनम् म्हणजे आपण!"

"मनम्!" शांभवी ओरडली. आणि सरळ माझ्याकडं बोट केलं. "मनम्! त्याला धरून!"

सगळी डोकी मागं वळली. मी दार ढकललं. मला तिथं एक क्षण थांबायचं नव्हतं. एवढं सांगून, एवढं समजावून ही बया भर सभेत बोट दाखवते. आता बसणार शिक्का, दोघींना बसणार, आणि घरी आई विचारणार, चन्या तू गेलतास कशाला.

"दादा, पळू नको!" माईकमधून आवाज आला. पडद्यावर एवढ्या मोठ्या अक्षरात, "भैया, भागो मत।"

आता कसं जायचं?

मी तरातरा पुढं गेलो. स्टेजवर चढलो. "काय करायचंय ते मला करा," मी म्हणलो. "पोरींना काही करू नका. मी सहावीत नाही, आठवीत नाही, कशातच नाही. अँटेना माझा होता, मी चढलो, मी फिरवला. बाकी मला काही येत नाही. झालं?"

मिशीवाले साहेब पडदा वाचत राहिले. अन्नपूर्णाबाईंनी मात्र शांभवीची पट्टी सोडवून माझ्या कपाळाला बांधायला लावली. कापड ओलं होतं, तिच्या घामानं. दिवा हिरवा नाही, पिवळा नाही, लागलाच नाही. माणूस चिडलेला असला की पट्टीला काही वाचता येत नाही, छातीचे ठोकेच मध्ये येतात. मला वाटलं, घ्या, आता यंत्र पण माझ्यावर उलटलं.

बाई हिंदीत बोलल्या, तेलुगू सुरात. "टंकी पर चप्पल पहनी थी?"

"काय?"

"पैर में क्या था?"

असला प्रश्न कोण विचारतं? मी चिडूनच सांगितलं, काही नव्हतं. चप्पल शिडीवर घसरते, म्हणून खाली काढून ठेवली होती. वर टाकीचं झाकण तापलेलं, पाय भाजत होते. म्हणून मी कबुतरांनी घाण केलेल्या जागेवर उभा राहिलो, ती जरा गार होती. खालून इक्रा ओरडत होती, "चन्याभाई, थोडा और, थोडा और," आणि शांभवी ओरडत होती, "बास बास बास!" दोघी एकाच वेळी. मी वरून शिव्या देत होतो. मग अचानक दोघी गप झाल्या. मला वाटलं काही झालं की काय. वाकून बघितलं तर दोघी रेडिओला कान लावून बसलेल्या, हात हातात धरून. मला वर काही ऐकू येत नव्हतं. नुसतं वारं. पण त्यांची तोंडं दिसत होती. मी अँटेना तसाच धरून ठेवला. हाताला कळ लागली तरी धरून ठेवला.

बोलता बोलता मी वळून बघितलं. शांभवी माझ्या कपाळाकडं बघत होती. तिच्या गालावर हिरवा उजेड पडला होता.

मिशीवाले साहेब घसा खाकरून म्हणले, "लेकिन नियम तो नियम है. सहभागी विद्यार्थी छठी से आठवीं."

"सहभागी विद्यार्थी," अन्नपूर्णाबाई म्हणल्या. मग मला विचारलं, "तुम विद्यार्थी हो?"

हा प्रश्न मला नेहमी लागतो. लोक तो कसा विचारतात ते मला माहितीये. पण बाईंचा चेहरा वेगळाच होता, चोर-शिपाई खेळताना चोर सापडला की पोरं करतात तसा.

"नाही," मी म्हणलो.

"नहीं है," त्या साहेबांकडं वळल्या. "विद्यार्थी ही नहीं है, तो विद्यार्थियों का नियम इस पर कैसे लगेगा?"

साहेबांच्या शेजारचे परीक्षक फस्सकन हसले. बाई पुढं म्हणल्या, मदत घेऊ नका असं आपण कुठंच म्हणलेलो नाही, लपवू नका म्हणलोय. आणि पोरगी तर लपवतच नव्हती, आपल्या मशीनलाच तिची भाषा झेपली नाही. मिशीवाल्या साहेबांनी थोडा वेळ पेन बोटात फिरवलं. मग झाकण लावून खिशात ठेवलं. "पर मैं टंकी पर नहीं चढ़ा था," ते म्हणले. "यह लिख लिया जाए."

बाजूला पटवारी मॅडम खाली बसल्या, खुर्ची आहे का नाही ते न बघता. नव्हती. इक्रानं धावत जाऊन त्यांना उठवलं. त्या हसत होत्या का रडत होत्या, मला तरी कळलं नाही. मला स्वतःला एवढंच कळलं, की गाडीत बसल्यापासून दात आवळून जबडा दुखत होता, तो दुखायचा थांबला.

पुढं सगळं सोपं गेलं. दोघींनी पकडलेले आवाज लावून दाखवले. आधी उल्का, एकेक अक्षर. मग सगळ्यात लांब चाललेला, सॅटेलाईटचा. बाईचा आवाज, पुरं वाक्य. आम्हाला महिनाभर कुणाला विचारून त्याचा अर्थ लागला नव्हता. वाक्य संपलं आणि चौथ्या रांगेतली एक पोरगी ताडकन उभी राहिली. ओडिशाची, संबलपूरची. म्हणली, हा आमचा रेडिओ! ती बाई रोज दुपारी शेंगा पेरायचं सांगते! पडदा तिचं हिंदीत करेपर्यंत इक्रा नकाशाकडं पोचली होती. स्टेशन कळलं म्हणजे लहर कुठून निघाली ते कळलं, आणि ती आपटली कुठं ते अंदाजानं काढता येतं. अन्नपूर्णाबाई उठून तिच्याजवळ गेल्या आणि दोघी नकाशावर वाकल्या. तीन-चार राज्यांतली पोरं स्टेजवर चढून म्हणायला लागली, आम्हाला पण ऐकवा, आमच्यातलं काही आहे का बघू. शेवटी जेवायची सुट्टी करावी लागली.

आता मी सभागृहाच्या पायऱ्यांवर बसून हे लिहायलोय. बाईंनी सांगितलं, तुझ्या वाट्याचं तुझ्या शब्दांत लिहून दे, पोरींच्या निबंधासोबत छापू. शुद्धलेखन दुसरं कुणीतरी बघेल. मी म्हणलो, मला लिहायचा कंटाळा येतो. त्या म्हणल्या, मग चिडून लिही.

शांभवी मघाशी येऊन बसली होती शेजारी. तिनं तिच्या डब्यातला अर्धा लाडू माझ्या कागदावर ठेवला, त्याचा डाग इथं वर पडलाय. जाताना म्हणली, "पाय भाजले होते तर सांगितलं का नाहीस तेव्हा?"

दुपारचं सत्र सुरू व्हायचंय. सगळ्यांसमोर रेडिओ लावून ऐकायचंय. आत घंटा झाली. अन्नपूर्णाबाईंनी सांगून ठेवलंय, ज्यांनी काम केलं ते सगळे स्टेजवर आल्याशिवाय सुरू करायचं नाही. आतून इक्रा माईकमध्ये माझ्या नावानं बोंबलायली, आणि पडदा त्याचं काय करत असेल देव जाणे. मला जायला पाहिजे आता.